भिंतीवरची नावे

दरवर्षी ६ डिसेंबरला आमच्या देवणी परिसरातून समाजबांधव आणि माता-भगिनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी चैत्यभूमीला जातात. असेच एका वर्षी आम्ही अठराजण निघालो. देवणीहून एस.टी.ने उदगीर, उदगीरहून रेल्वेने मुंबई. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन सतरंज्या आणि महिला मंडळाच्या सहाजणी. त्यांत सर्वांत वडीलधाऱ्या आमच्या गल्लीतल्या आजी. वय सत्तरीच्या पुढे. पण गर्दीत आमचा हात धरून नव्हे, आम्हालाच पुढे ओढत चालणाऱ्या.

आमच्या पिशवीत पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांबरोबर आणखी एक कागद होता. गल्लीत बुद्धविहाराचे बांधकाम पुरे होत आले होते आणि दर्शनी भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक लावायचे ठरले होते. बांधकाम समितीचा जमाखर्च आमच्याकडे. म्हणून यादीही आम्हीच केली होती. पाच हजार व त्याहून अधिक देणाऱ्यांची एकतीस नावे. परतीच्या वाटेवर उदगीरला उतरून ती कोरायला टाकायची होती. समितीच्या वहीत ठराव आमच्याच अक्षरात लिहिलेला होता : 'इतरांची नावे संख्येने जास्त असल्याने फलकावर घेता येत नाहीत.' त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. आम्हालाही नाही.

६ तारखेला रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे राहून अभिवादन केले. दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी होती. बाबासाहेबांनी उभे केलेले सिद्धार्थ महाविद्यालय मुलांना दाखवावे म्हणून फोर्टात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ सालची आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. दादाभाई नौरोजी रोडवरच्या बुद्ध भवनासमोर उभे राहून मुलांना ते सांगितले. नोकरी करणाऱ्या गरिबांच्या मुलांना सकाळी शिकता यावे ही बाबासाहेबांची दृष्टी होती, हेही सांगितले.

तिथून हुतात्मा चौकाकडे चालताना बरोबरच्या एका मुलाने विचारले, "चर्चगेट चर्चगेट म्हणतात, पण चर्च कुठाय?" प्रश्न रास्त होता. आम्ही इतक्या वेळा मुंबईला आलो, चर्चगेट स्टेशनात उतरलो, पण ते चर्च पाहिले नव्हते. एका दुकानदाराला विचारले. त्याने हॉर्निमन सर्कलच्या बाजूला बोट दाखवले. ते सेंट थॉमस कॅथेड्रल. इंग्रजांच्या किल्ल्याला जे दरवाजे होते, त्यांतला एक या चर्चकडे जाणारा, म्हणून तो चर्चगेट. किल्ल्याची भिंत १८६० नंतरच्या काळात पाडली. दरवाजा गेला, नाव स्टेशनाला राहिले.

आत जावे की नाही यावर क्षणभर चर्चा झाली. एकजण म्हणाले, "आपण बौद्ध, गिरिजाघरात आपले काय काम?" आम्ही म्हणालो, आपण पूजा करायला जात नाही, पाहायला जात आहोत. ज्या धम्माने 'या आणि पाहा' असे सांगितले, त्याच्या माणसांनी पाहायला भिऊ नये. आजींनी सवयीने दारात चपला काढल्या. आतल्या माणसाने हसून सांगितले, "राहू द्या आजी, चालते इथे." पण त्यांनी चपला हातातच धरल्या.

ही इमारत एका काळातली नाही. तिचा पाया १६७६ च्या सुमारास घातला गेला आणि काम कित्येक वर्षे रखडले. शेवटी २५ डिसेंबर १७१८ ला, नाताळच्या दिवशी चर्च उघडले. १८३८ च्या सुमारास उंच मनोरा चढवला आणि १८६० नंतर वेदीकडचा भाग वाढवून नवा केला. म्हणून जुने साधे गोल खांब एका तऱ्हेचे, तर टोकदार कमानी आणि रंगीत काचा दुसऱ्या तऱ्हेच्या. आजोबांच्या धाब्याच्या घरावर नातवाने स्लॅबची माडी चढवावी, तसे. पण इथे दोन्ही एकमेकांशी भांडत नाहीत. २००४ साली या चर्चच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे.

चारी भिंतींवर संगमरवरी स्मारके आहेत. गव्हर्नर, सेनापती, कप्तान, कुणाची बायको, कुणाचे मूल. जोनाथन डंकन हा १७९५ ते १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाड भागातली बालहत्येची चाल बंद केल्याची नोंद कोरलेली आहे. जन्मलेल्या मुली मारण्याची ती चाल. हे सांगितल्यावर बायका तिथे जरा जास्त वेळ थांबल्या. परक्या राज्यकर्त्याचे असले तरी चांगल्या कामाला चांगले म्हणायला आपण शिकले पाहिजे.

चर्च पाहून मुलांचा उत्साह वाढला. तिथल्याच एका गृहस्थांनी सांगितले, फरशी आणि काचा पाहायच्या तर कुलाब्याचे अफगाण चर्च पाहा. गाडीला वेळ होता. बेस्टच्या बसने कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरला गेलो. झाडांमागे उंच निमुळता मनोरा दिसला. तो जवळजवळ दोनशे फूट उंच आहे. पूर्वी समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसायचा म्हणे. पहारेकऱ्याला 'लातूर जिल्ह्यातून आलोय' म्हणताच त्याने आत सोडले.

याचे खरे नाव सेंट जॉनचे चर्च. १८४७ साली काम सुरू झाले आणि ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. नकाशा हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरचा. आतल्या बऱ्याच सजावटीची आखणी विल्यम बटरफिल्ड या इंग्लंडमधल्या वास्तुरचनाकाराची आणि रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. फरशीही इंग्लंडहून आलेली. दगड मात्र इथला. इंग्लंडमधल्या खेड्यात शोभावे असे रूप, पण उभे आहे आपल्या दगडावर आणि आपल्या माणसांच्या कष्टावर. इतका दगड काही साहेबांनी डोक्यावर वाहिला नसेल.

फरशी पाहून बायका खालीच बसल्या. आपल्याकडे घरात मोझॅकची लादी असते, तिच्यात दगडाचे कण मिसळलेले असतात. इथली तऱ्हा वेगळी. भाजलेल्या मातीचे रंगीत तुकडे, कुठे चौकोनी, कुठे तिरपे, एकाला एक जुळवून अशी नक्षी केली आहे की तुकडा कुठला आणि चित्र कुठले ते कळू नये. आजी हात फिरवत म्हणाल्या, "ही तर वाकळ हाय गं माय! दगडाची वाकळ." त्यांच्या हाताखाली गल्लीतल्या निम्म्या पोरी वाकळ शिवायला शिकल्या आहेत. त्यांना ते लगेच दिसले. आम्हाला दिसले नव्हते.

मग त्यांनी वर पाहिले. वेदीच्या बाजूच्या भिंतींवर नावे कोरलेली.

"दादा, इथं कोणाची नावं लिव्हलीत?"

आम्ही सांगू लागलो. १८३९ साली इंग्रजांनी अफगाणिस्तानवर स्वारी केली. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून त्यांची फौज माघारी निघाली. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि त्यांच्याबरोबर सुमारे बारा हजार नोकरचाकर, ओझी वाहणारे, बायका, मुले. थंडी, बर्फ आणि हल्ले यांत ती फौज जवळजवळ सगळी संपली. पुढे सिंधमध्ये लढाया झाल्या. त्या मोहिमांत मेलेल्यांची आठवण म्हणून हे चर्च.

"म्हणजे त्या समद्यांची नावं?"

आम्ही इंग्रजी लेख पुन्हा वाचला आणि त्यांना अर्थ सांगितला. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. खालच्या हुद्द्याचे आणि साधे शिपाई कर्तव्य करताना आजाराने नाहीतर तलवारीने मेले, पण ते इतके होते की त्यांची नावे अशी लिहिता आली नाहीत.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लई होते म्हणून लिव्हली न्हाईत? मरताना लई हायेत म्हणून कुणी सोडलं व्हतं का?"

कुणीच काही बोलले नाही. आमचा हात आपोआप पिशवीकडे गेला. 'इतरांची नावे संख्येने जास्त असल्याने.' हे वाक्य आम्ही लिहिले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाने दगडावर लिहिले, आम्ही वहीत लिहिले. भाषा वेगळी, कारकुनी एकच.

आणि आम्ही कुणाला वगळले होते? तीन उन्हाळे आजींनी विहाराच्या विटा वाहिल्या. महिला मंडळाने रविवारचा रोजगार बुडवून वाळू चाळली. एका गवंड्याने दोन महिने अर्ध्या मजुरीवर काम केले. यांच्यापैकी एकाचेही नाव त्या एकतिसात नव्हते, कारण त्यांनी दिलेले आमच्या पावतीपुस्तकात बसत नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. पैसा जमेला धरायला शिकलो, घाम जमेला धरायला शिकलो नाही.

रात्री गाडीत यावर बोलणे निघाले. एका तरुणाने भीमा कोरेगावच्या स्तंभाची आठवण काढली. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईच्या स्तंभावर साध्या शिपायांची नावे आहेत. मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' या शब्दाने संपणारी, म्हणजे आपल्या पूर्वजांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. ती नावे कोरलेली होती, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपले पूर्वज आपल्याला सापडले. पुढे १८९० नंतरच्या काळात याच समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा आपल्या माणसांना दाखवायला पुरावा होता. कुलाब्याच्या भिंतीवर तसा पुरावा नाही. त्या काळी मुंबईच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पण अफगाणिस्तानात आणि सिंधमध्ये पडलेल्यांत आपले कोण, हे ती भिंत सांगत नाही.

आम्हाला सांची आठवली. तिथल्या स्तूपाच्या कठड्यांवर आणि तोरणांवर शेकडो दात्यांची नावे आहेत. नुसती राजा-सावकारांची नव्हेत. भिक्खू, भिक्खुणी, साध्या उपासिका, गावोगावची माणसे. एका तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी हे कोरीव काम केले, असे लिहून ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या धम्मबांधवांना दगड अपुरा पडला नाही. मग देवणीच्या विहाराला का पडावा?

उदगीरला उतरलो, पण यादी कोरायला टाकली नाही.

पुढचे सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. समितीच्या बैठकीत वाद झाला. मोठी रक्कम देणारे एकजण म्हणाले, "मग आमच्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?" दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आले, "विहारात फरक कशाला पाहिजे?" ते रागाने उठून गेले आणि दोन महिने आले नाहीत. त्यांचे पैसे त्यांनी परत मागितले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

शेवटी ठराव बदलला. जुना ठराव खोडला नाही, तसाच ठेवून खाली नवा लिहिला, म्हणजे पुढच्यांना आमची चूकही दिसेल. संगमरवर रद्द करून शहाबादी फरश्या घेतल्या आणि पेंटरकडून नावे लिहून घेतली. एकाच आकाराची अक्षरे, अकारविल्हे क्रम. कुणी किती दिले हे लिहिले नाही. पैसा, विटा, वाळू, मजुरी, सगळे एका रांगेत. बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या नावाआड नाही. आजींना आम्ही सारे आजीच म्हणत आलो. त्यांचे नाव शोधायला मतदार यादी काढावी लागली. एवढ्या वर्षांच्या शेजाराची आम्हाला लाज वाटली.

नावे दोनशेच्या वर भरली. फरशीच्या खालच्या दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. यादी लागल्यावरही एक उपासक आले आणि म्हणाले, पायाभरणीच्या वेळी पाण्याच्या घागरी माझ्या आईने आणल्या होत्या, ती आता नाही. त्या माऊलीचे नाव लिहिले. अजून कुणी येईल, म्हणून जागा आहे.

ज्या गावी विहार बांधायचे काम चालू असेल, तिथल्या बांधवांना आमची एवढीच विनंती. पावतीपुस्तकाबरोबर पहिल्या दिवसापासून श्रमदानाचीही एक वही ठेवा. तारीख, नाव, काम. दोन रुपयांची वही पुरे. नंतर आठवून लिहायला बसलो की आठवतात ती मोठ्यांचीच नावे. मुंबईला जाल तेव्हा सवड काढून ती दोन चर्चेही पाहा. फरशी सुंदर आहे, काचा सुंदर आहेत. आणि त्या भिंतीपुढे उभे राहून, जी नावे तिथे नाहीत, त्यांची आठवण काढा.

जयभीम!