चढण आपल्या श्वासाच्या गतीने

गेल्या महिन्यात कवठे येमाईतील माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक जोडपे आले. मुलाकडे नेदरलँड्सला निघाले होते. उट्रेख्त शहरातील चर्चच्या मनोऱ्यावरून सारे शहर दिसते. तो आम्हांला चढता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. १३८२ मध्ये पूर्ण झालेला हा डोम मनोरा ११२ मीटर उंच असून त्याला ४६५ पायऱ्या आहेत. मी म्हणालो, "आधी तपासणी करू, मग लेण्याद्री चढून पाहा."

जुन्नरजवळची लेण्याद्री आपल्याला परिचित आहे. सुमारे तीस बौद्ध लेणी, त्यांपैकी सातव्या लेण्यात अष्टविनायकांतील गिरिजात्मज आणि तेथवर तीनशेच्या आसपास दगडी पायऱ्या. वरून कुकडीचे खोरे, जुन्नर आणि समोरचा शिवनेरी दिसतो.

याच पायऱ्यांनी मला एक धडा दिला आहे. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन तेथे गेलो होतो. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी देवाचं नाव घेत येते." मला ती भक्ती वाटली. मागे वळून पाहिले, तेव्हा ती घामाने डबडबून छातीवर हात ठेवून बसली होती. डोलीने तिला उतरवून थेट रुग्णालयात नेले. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. घरचा जिना चढताना दोन महिने तिची छाती भरून येत होती. माझ्या मागे रुग्णांची गर्दी म्हणून ती बोलली नव्हती. डॉक्टर असून मीही कधी विचारले नव्हते.

म्हणून सोबत जाणाऱ्यांना विनंती आहे. एक मजला चढताना धाप लागते का, छाती दाटते का, हे घरीच विचारावे. तसे असल्यास तपासणीआधी चढू नये. वाटेत ज्येष्ठांची गती तीच सर्वांची गती असावी. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले, की थांबावे. छातीत, जबड्यात वा हातात कळ आल्यास किंवा दरदरून घाम सुटल्यास तेथेच बसवावे आणि १०८ ला फोन करावा. मधुमेहींनी उपाशीपोटी चढू नये. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो आणि तोल जाण्याची भीतीही अधिक असते. कठडा धरून सावकाश उतरावे.

त्या जोडप्यातील काकांची तपासणी उत्तम निघाली. लेण्याद्रीही ते थांबत थांबत विनासायास चढले. काकूंच्या गुडघ्यांना मात्र मी नकार दिला. त्या हिरमुसल्या. तेव्हा त्यांना सांगितले, की १६७४ च्या वादळात त्या चर्चचा मधला भाग कोसळला आणि आज तेथे मोकळा चौक आहे. त्या चौकात बसले, की मनोरा पायथ्यापासून कळसापर्यंत दिसतो. वर चढणाऱ्याला तो तसा कधीच दिसत नाही.