एक मिलिमीटर, दहा हजार माणसे

टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' शिकवताना मी वर्गात आधी शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा नकाशा लावतो. कादंबरी पूर्णत्वाने प्रसिद्ध झाली त्याच, १८६९ सालचा. १८१२च्या रशियन मोहिमेतील नेपोलियनचे सैन्य त्यात पट्ट्याच्या रुंदीने दाखवले आहे. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसे. नेमान नदीपाशी ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, परतताना अवघी १०,०००. वर्ग स्तब्ध होतो. मग कादंबरी वाचताना कुणीतरी विचारते : यात प्लातोन कारातायेव्ह कुठे आहे? फ्रेंचांनी माघारीच्या वाटेवर गोळी घातलेला तो रशियन कैदी त्या पट्ट्यात नाहीच. मिनारने मोजले ते केवळ आक्रमकांचे सैन्य. हा प्रश्न उमटावा म्हणूनच मला वर्गात नकाशाही हवा आणि कादंबरीही.