पेटीतला पितळी बिल्ला

जुन्या वस्तूचा भाव बाजार सांगतो. तिची हकीकत मात्र घरच्यांनाच शोधावी लागते.

वडील वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पितळी बिल्ला, शिट्टी आणि गळ्यातला विटलेला स्कार्फ निघाला. वस्तू स्काऊटच्या, एवढे कळले. "इंग्रजांच्या काळातलं असंल," आत्या म्हणाली. जुन्या बाजारातला दुकानदारही म्हणाला, "इंग्रजी असेल तर चांगले पैसे देतो." आमच्या घरावरचे पत्रे बदलायचे होते, म्हणून सगळेच त्या बिल्ल्याकडे आशेने पाहू लागले.

मी तो घासला नाही. घासल्याने बारीक खुणा जातात. भिंगातून पाहिला. लिलीचे फूल, ही स्काऊटची खूण. तीन पाकळ्यांचे त्रिदल, ही गाईडची. मधोमध अशोकचक्र. उत्तर तिथेच होते. २२ जुलै १९४७ रोजी हे चक्र राष्ट्रध्वजावर आले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊट संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' स्थापन झाली. १९५१ मध्ये गाईडही त्यात आल्या. म्हणजे बिल्ला स्वतंत्र भारतातला. १९०९ साली बंगलोरला पथक निघाले, तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते.

दुकानदाराने भाव पाडला. मी वडिलांच्या वर्गमित्राला गाठले. वय ऐंशीच्या घरात. बिल्ला पाहताच काकांनी डावा हात पुढे केला. स्काऊट डाव्या हातानेच हात मिळवतात. म्हणाले, "पोरी, शाळेत आपल्या पोरांचा माठ वेगळा असायचा. शिबिरात तुझ्या बापानं भात शिजवला अन् सगळ्या टोळीनं खाल्ला. ते तीन दिवस कुणी जात काढली नाही."

वडिलांनी हे आम्हाला कधीच सांगितले नव्हते. बिल्ला विकला नाही. पत्रे भिशीच्या पैशातून बदलले.

वाचकहो, आपल्याही घरी एखादा बिल्ला, पट्टा, शाळेचे प्रमाणपत्र पडून असेल. भंगारात देण्याआधी त्यावरची खूण, अक्षरे, साल पाहा. कोरड्या सुती कापडात गुंडाळा. कोणाची, कुठली, केव्हाची, एवढी चिठ्ठी सोबत ठेवा. आणि सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा; वस्तू टिकते, सांगणारा टिकत नाही.