जिवंत शून्य

शेजारच्या मुलीला भोसरीतल्या एका कारखान्यात मुलाखतीत विचारलं, "सिग्नल चारपासून का सुरू होतो? शून्यापासून का नाही?" तिनं आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केलाय. जिन्यातच तिनं मला हे सांगितलं आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

टाकी रिकामी असली की पातळी मोजणारा ट्रान्समीटर ४ मिलिअँपिअर करंट देतो, काठोकाठ भरली की २०. निम्मी असेल तर १२. हे गणित मुलाखतीत तोंडी करायला लावतात. रिकाम्या टाकीलाही चार, कारण तार तुटली की करंट शून्यावर येतो. 'टाकीत काही नाही' आणि 'मला काही कळेनासं झालंय' ही दोन निराळी उत्तरं त्याच दोन तारांवरून येतात. त्या चारांतच ट्रान्समीटर आपलं पोटही भरतो. याला लाइव्ह झीरो म्हणतात. इतकं प्रामाणिक शून्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माझे मामा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. तेव्हा तिथे सिग्नल विजेचा नव्हता, हवेचा होता: ३ ते १५ पीएसआय. बॉयलरपासून कंट्रोल रूमपर्यंत तांब्याच्या बारीक नळ्या गेलेल्या. गळीत हंगामात मी सुट्टीला गेलो की मामा मला रात्रपाळीला नेत. बाहेर मळीचा आंबूस वास, बैलगाड्यांची रांग. आत हवेची अखंड सुसू आणि गोल कागदावर शाईनं रेघ ओढत फिरणारी पेनं. दिवसाचा कागद बदलायचं काम मामा माझ्याकडे देत. त्यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि हातात साबणाच्या पाण्याची वाटी असे. नळीच्या जोडावर ब्रशनं पाणी लावायचं. फुगा आला की गळती सापडली. ते म्हणत, "काटा तिनाच्या खाली गेला ना, की टाकी बघायला धावायचं नाही. नळी बघायची." म्हणजे हवेचं शून्यही जिवंतच होतं. विजेनं ती रीत पुढे चालवली, एवढंच.

तिला दुसरा प्रश्न होता, स्टॉप बटण एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, का जोडतात? उत्तराची जात तीच. बटणाची तार उंदरानं कुरतडली तरी मशीन थांबलं पाहिजे; चालत राहता कामा नये. मुलाखतीत व्याख्या पाठ म्हणून घेण्यापेक्षा असं विचारावं. त्यात कळतं की हा माणूस तुटलेल्या तारेचा आधी विचार करतो की नाही.

मग मुलाखत घेणारे पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरवर, आले. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेली पॅनेलं नको झाली होती. मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उचकटावं लागे. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मॉडिकॉन ०८४ आलं. त्याचा प्रोग्रॅम लॅडरच्या आकृतीत लिहायचा, कारण रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो लगेच कळावा. आजही लॅपटॉपवर तेच कॉन्टॅक्ट, त्याच कॉइल. नव्या यंत्रानं जुन्या हातांची भाषा शिकून घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. बँकांत, पोस्टात संगणक आले तेव्हा काउंटरवरच्या पन्नाशीतल्या माणसांसाठीही कुणीतरी असा विचार करायला हवा होता.