तलावाचे किती लावायचे?

खालांनी पवईचा फ्लॅट विकायचं ठरवलं आणि भाव ठरवण्याचं काम आमच्या गळ्यात पडलं. खालूंच्या इंतकालाला दोन वर्षं झाली होती. मुलगा दोहाला, मुलगी पुण्याला आपल्या संसारात, आणि सोळाव्या मजल्यावर खाला एकट्या. दापोलीकडे बहिणीच्या शेजारचं जुनं घर दुरुस्त करून तिथे राहायचं आणि तब्येत आहे तोवर हज करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. फ्लॅट पहिल्यापासून त्यांच्याच नावावर होता, त्यामुळे वारसांच्या हिश्शाचा प्रश्न नव्हता. "तुम्ही दोघं शिकलेले आहात, तुम्हीच बघा," म्हणाल्या. आम्ही दोघं शिकवतो भाषा! पण खालांना नाही कोण म्हणणार?

मुलाचा आकडा तयारच होता, 2 कोटी 85 लाख. त्याचा हिशेब असा, की त्याच टॉवरमधल्या एका फ्लॅटची जाहिरात 2 कोटी 67 लाखांची होती, आणि तीन वर्षांपूर्वी त्याने या घराच्या नूतनीकरणावर 18 लाख खर्च केले होते. "आणि तलाव दिसतो, तो काय फुकट द्यायचा?" हे त्याचं फोनवरचं वाक्य.

तलाव खरंच दिसतो. हॉलच्या खिडकीत उभं राहिलं की अख्खा पवई तलाव पायाशी. 1891 च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी इंग्रजांनी बांधलेला हा तलाव. त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, म्हणून आता ते कारखान्यांना आणि आरेला जातं. तलावात मगरी आहेत. काही महिने जलपर्णीने पाणी इतकं झाकलं जातं की वरून हिरवं मैदान वाटावं. काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, तो 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. म्हणजे तलाव ना खालांचा, ना सोसायटीचा. आपण विकतो ती खिडकी. पण खिडकीलाही भाव असतो हे मान्य केलं पाहिजे, नाहीतर खालांचं नुकसान.

जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. घर कितीला गेलं ते दस्तात असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 कुणालाही पाहता येते. त्यात दस्ताची तारीख, क्षेत्रफळ आणि मोबदला असतो. दोन रविवार घालवून आम्ही त्याच टॉवरचे दीड वर्षातले तीन दस्त शोधले. चौदाव्या मजल्यावरचा तलावाकडचा फ्लॅट 2 कोटी 38 लाखांना गेला होता. नवव्या मजल्यावरचा, तोही तलावाकडचा, 2 कोटी 30 ला. सतराव्यावरचा, मागच्या बाजूचा, 2 कोटी 16 ला. तिन्ही एकाच मापाचे, 690 चौरस फूट चटई क्षेत्राचे. तलावाची किंमत आम्हांला अशी सापडली, 20 लाखांच्या आसपास. गंमत म्हणजे सरकारी दरतक्त्यात मजल्याची वाढ आहे, अकराव्या ते विसाव्या मजल्याला 10 टक्के, पण तलावाचा रकाना नाही.

मग नूतनीकरण. अठरा लाख खर्च झाले म्हणून भाव अठरा लाखांनी वाढत नाही, हे मुलाला पटवणं सगळ्यांत कठीण गेलं. बदललेल्या पाइपलाइन, नवं वायरिंग, न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग यांना गिऱ्हाईक पैसे देतं, कारण ते काम त्याचं वाचतं. खोटं छत, भिंतीवरचं लाकडी पॅनेलिंग आणि काळं चकचकीत स्वयंपाकघर ज्याच्या त्याच्या आवडीचं. नवा मालक ते तोडायचाही खर्च धरतो. आम्ही अठरातले सहा-सात लाख धरले.

ऑगस्टमध्ये मोजमापासाठी गेलो. असरची वेळ झाली म्हणून जानमाज मागितला, तर खालांनी तो आतल्या खोलीतून आणला. हॉलमधल्या फडताळावर का ठेवत नाही विचारलं, तर सहज म्हणाल्या, "तिथे बुरशी धरते त्याला." फडताळ पॅनेलिंगला टेकवलेलं होतं. आम्ही एक फळी सैल करून आत हात घातला. भिंत ओली होती. पावसाच्या तोंडाची बाहेरची भिंत पाणी घेत होती, आणि मुलाने नेमलेल्या माणसाने ती दुरुस्त न करता वर लाकूड ठोकलं होतं.

खाला गप्प बसल्या. नमाज झाल्यावर त्यांनीच विषय काढला. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ती हदीस. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं, तेव्हा भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. वर्गात आम्ही ती कितीदा सांगितली असेल, पण हाताला ओल लागलेली असताना ती कधी ऐकली नव्हती.

दलालाचा सल्ला सोपा होता. विक्री हिवाळ्यात करू, तेव्हा भिंत सुकते. मागणी 2 कोटी 80 लाखांची ठेवू. तो आपलं एक खोटं गिऱ्हाईक उभं करील म्हणजे खरं गिऱ्हाईक घाई करील. आणि 30 लाख रोख, बाकी दस्तात. घ्यायचं नसताना भाव चढवायला बोली लावणं याला नजश म्हणतात आणि ते मना आहे, हे आम्ही त्याला सांगितलं. तो हसला. "सर, हे मार्केट आहे." रोखीवर खालांनीच पडदा टाकला, "माझ्या हजच्या पैशात लपवाछपवी नको." आम्ही दलाल बदलला.

मुलाशी झालेलं बोलणं मात्र हसण्यावारी गेलं नाही. ओल सांगितली तर पाच-सात लाख जातील, आणि ते त्याच्या आईचे जातील, असं तो म्हणाला. तेही खरंच होतं. आम्हांला त्यात एक पैसा मिळणार नव्हता आणि जाणारही नव्हता, तेव्हा आमचा प्रामाणिकपणा स्वस्तातला, हेही त्याने ऐकवलं. रात्री आम्ही दोघं यावर बराच वेळ बोललो. त्याच्या बोलण्याला उत्तर सापडलं नाही. शेवटी सगळे आकडे कागदावर मांडून खालांपुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "पॅनेल काढा."

भिंत उघडी ठेवून, ओलीबद्दल लेखी सांगून, आम्ही 2 कोटी 47 लाख मागितले. चार गिऱ्हाइकं भिंत बघून परत आली नाहीत. एकाने तर 2 कोटी 20 ला मागितला, जणू ओल अख्ख्या घराला होती. नोव्हेंबर सरत आला तशी आम्हांला धास्ती वाटू लागली. दापोलीच्या घराच्या गवंड्याला उचल द्यायची होती.

पाचवं जोडपं नुकतंच नोकरीतून निवृत्त झालेलं. बाईंनी भिंतीवर तळवा ठेवला आणि विचारलं, "पावसात कुठपर्यंत चढते?" खालांनी हात कमरेशी धरून दाखवला. "आणि तलावाचा वास?" "मे महिन्यात येतो. डासही येतात. खिडक्यांना जाळ्या आहेत, त्या नेत नाही मी." पुढे दोघींचं बोलणं जाळ्यांवर गेलं. सौदा 2 कोटी 41 लाखांना ठरला. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीकडून करून घ्यायची, ते त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. दस्त एकट्या बाईंच्या नावाने केल्यामुळे मुद्रांक शुल्क 6 ऐवजी 5 टक्के लागलं, म्हणजे त्यांचे 2 लाख 41 हजार वाचले. हे आम्हीच त्यांना सुचवलं होतं. खालांना मिळताना 1 टक्का टीडीएस कापला गेला.

मुलगा महिनाभर आमच्याशी बोलला नाही. किल्ल्या द्यायच्या सकाळी त्याचा मेसेज आला, "खिडकीतून एक फोटो पाठवा." आम्ही खिडकीत गेलो. पाणी दिसत नव्हतं, सगळी जलपर्णी. मागून खाला म्हणाल्या, "तसाच पाठवा. त्याच्या लहानपणीही असाच असायचा."