मोडण्याचे कारण

आमच्या धंद्यात ‘स्पीकर उडाला’ असा एक सरसकट शब्दप्रयोग आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढता चढताच तो उच्चारते आणि आपल्या परीने सारे काही सांगून मोकळे होते. परंतु स्पीकर दोन तऱ्हांनी उडतो. एक जळून आणि दुसरा मोडून. जळलेल्याला करपलेल्या वार्निशाचा वास येतो. मोडलेल्याला वास नसतो. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास आकडा दाखवतो, म्हणजे आतली तार शाबूत असते. तरीही तो बोलत नाही, किंवा बोलला तर घोगरा, घासत बोलतो. चारचाकीत बसवलेले जे सबवूफर आमच्या टेबलावर येतात, त्यांतले पुष्कळसे असे मोडलेले असतात. त्या मोडण्याबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्हा भावंडांना बरेच दिवस वाटत होते.

आम्ही तिघे भाऊ. चिपळुणात आमचे छोटे दुकान आहे. अब्बा पंपाच्या मोटारी भरून देत. स्पीकरची कॉइल आणि मोटारीची कॉइल यांची जात एकच, असे ते म्हणत आणि ते खोटे नव्हते. तारेतून वीज गेली की ती चुंबकाजवळ हलते, एवढ्याच गोष्टीवर दोन्ही चालतात. मोटारीत ती गोल फिरते, स्पीकरमध्ये मागेपुढे होते. आज आपण वापरतो त्या घडणीचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला. शंभर वर्षे झाली, मूळ रचना तीच आहे. अब्बांचा एक नियम होता : वस्तू का मोडली हे कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आमचे सारे शिक्षण या एका वाक्यात झाले.

सबवूफरचा चेहरा म्हणजे तो काळा कोन. त्याच्या कडेला रबराचे किंवा फोमचे वेटोळे असते, त्याला सराउंड म्हणतात. कोनाच्या मागे नळकांड्यावर गुंडाळलेली कॉइल असते आणि तिला मधोमध धरून ठेवणारी लहरीलहरींची कापडी चकती असते, ती स्पायडर. कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत चालते तिला आम्ही गॅप म्हणतो. या फटीत कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या अंशाइतकीच जागा असते. एवढ्याशा वाटेने ती सेकंदाला तीस-चाळीस वेळा जाते आणि येते. तेव्हा सबवूफरची सारी तब्येत दोन गोष्टींवर ठरते. कॉइल मधोमध राहिली पाहिजे आणि तिने आपल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये.

मर्यादा ओलांडली जाते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. आवाज तेवढाच ठेवून स्वर निम्म्याने खाली आणला तर कोनाला चौपट अंतर चालावे लागते. चाळीस हर्ट्झला जो कोन तीन मिलिमीटर हलतो, त्याला वीस हर्ट्झला बारा मिलिमीटर हलावे लागेल. गिऱ्हाइकाला वाटते की आपण आवाज फारसा वाढवलाच नाही. खरेही असते ते. त्याने आवाज वाढवलेला नसतो, फक्त बेस बूस्टचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले असते. बारा डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या स्वरापुरती सोळापट शक्ती आणि चौपट हालचाल. मग कॉइलचे नळकांडे मागच्या लोखंडी तबकडीवर आपटते. टक् टक् असा कोरडा आवाज येतो. ही स्पीकरची पहिली हाक असते. ती ऐकून जो आवाज कमी करतो, त्याला आमच्याकडे यावे लागत नाही.

बॉक्सचीही गोष्ट अशीच. बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि कोनाला आवरते. नळी असलेल्या बॉक्समध्ये आवाज जोरकस मिळतो. पण नळी ज्या स्वरासाठी कापलेली असते त्याच्या खाली गेले की हवेचा हा आधार सुटतो आणि कोन लगाम तुटल्यासारखा धावतो. म्हणून ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर दिलेला असतो. बॉक्स पस्तीस हर्ट्झचा असेल तर फिल्टर तीसच्या आसपास लावावा. कितीतरी गाड्यांत तो बंद असतो, कारण तो काय करतो हे बसवणाऱ्याने सांगितलेले नसते. ‘गेन’ नावाच्या खुंटीचेही तेच. लोक तिला आवाजाची खुंटी समजतात. टेपचा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यापुरतेच तिचे काम आहे.

बाकीची मोडतोड साधी असते. डिकीत ठेवलेला जॅक कुंभार्ली घाटाच्या वळणावर घरंगळतो आणि कोनात घुसतो. दीडदोनशे रुपयांची जाळी लावली असती तर वाचला असता. बॉक्स पट्ट्याने बांधलेला नसतो, खड्ड्यात उडतो आणि चुंबक जागचे सरकते. मग कॉइल तिथेच जाम. स्क्रू एका बाजूने करकचून आवळत नेले की सांगाडा पिळतो. ते समोरासमोर, थोडे थोडे करून आवळायचे असतात. आणि लोखंडी स्क्रू ड्रायव्हर चुंबकाजवळ न्यायचा तर दुसरा हात कोनावर पालथा धरावा. चुंबक तो असा ओढून घेते की टोक कोनाच्या पार जाते.

आमच्याकडची हवाही तिचा वाटा घेते. फोमचा सराउंड दमट हवेत आपोआप विरतो; दहा-पंधरा वर्षांत बोट लावले की चुरा होतो. रबराचा त्याहून पुष्कळ टिकतो. कोकणात गाडी वापरणाऱ्याने नवा सबवूफर घेताना वॉटचा आकडा पाहण्याआधी सराउंड पाहावा, असे आम्ही सांगतो.

दुरुस्तीला घेतला की आधी कोन दोन्ही हातांच्या बोटांनी चहूबाजूंनी सारखा दाबून पाहायचा. वाळूवर पाय घासल्यासारखे जाणवले की कॉइल घासते आहे. छोटी चीर असेल तर कागदी कोनाला पातळ टिश्यू आणि पाणी घातलेला पांढरा गोंद पुरतो. रबराला लवचीक चिकटवणच हवे. झटकन चिकटणारा गोंद दगडासारखा होतो आणि शेजारून नवी चीर पाडतो. विणलेली तार तुटली असेल तर जोडताना तिला झोका ठेवावा आणि कथील तारेत झिरपू देऊ नये, नाहीतर ती कडक होऊन पुन्हा तिथेच तुटते. कोनच बदलायचा असेल तर जुना कापून काढायचा, चिकट टेप उलटी दुमडून गॅपमधला कण न् कण टिपायचा. मग कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये पट्ट्या सारून ती बरोबर मधोमध बसवायची. आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या वापरतो. एक दिवस पूर्ण सुकू द्यायचे. घाई करणाऱ्याला आम्ही चहा पाजतो आणि दुसऱ्या दिवशी बोलावतो.

या कामात एक पेच आहे आणि तो आमच्या घरातही निघाला. मधल्या भावाचा हिशेब सरळ होता : लोक मोडतात म्हणून आपली चूल पेटते, मग न मोडण्याची युक्ती आपणच का सांगायची? एका वरातीच्या गाडीचा सबवूफर आमच्याकडे आला, तो त्याआधी दुसरीकडे दोनदा कोन बदलून झालेला होता. धाकट्याने तो घेतला नाही. गाडी आणा म्हणाला. बॉक्स उघडला तर आतला सांधा सुटलेला, फिल्टर बंद, बूस्ट शेवटच्या टोकाला. बॉक्स सांधला, खुंट्या जागेवर आणल्या, मग कोन बदलला. तो गाडीवाला त्या कामासाठी पुन्हा आला नाही. त्याने पाठवलेली माणसे मात्र येत राहिली. तेव्हापासून मधला भाऊच गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगतो आणि आमच्यापैकी सर्वांत चांगले तोच सांगतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. दुकान छपरापर्यंत बुडाले. आमची हत्यारे, मीटर, गोंदाचे डबे गेले, ते आमचे होते. पण फळीवर लोकांचे वीस-बावीस स्पीकर होते. कोणाचा तयार, कोणाचा अर्धा उघडलेला. ती अमानत होती. पाणी ओसरल्यावर घोटाभर गाळातून आम्ही एकेक बाहेर काढला. घाईने करंट द्यायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, एवढे ठाऊक होते. स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, डस्ट कॅप कापून आतला चिखल टिपला आणि सावलीत सुकत ठेवले. प्लास्टिकच्या कोनांचे काही वाचले. कागदी कोन पापडासारखे वाकडे झाले. सर्वांत वाईट गॅपमधला गंज. लोखंडाला आठवड्यात पापुद्रे धरतात आणि त्यांतला एक पापुद्रा कॉइल कापायला पुरेसा असतो. चुंबक सुटे करून परत बसवणे आमच्या टेबलावरचे काम नव्हे.

तेव्हा पुन्हा हिशेबाला बसलो. पूर कोणी आणला नव्हता, म्हणून कोणी मागायला आले नसते. तरी आम्ही यादी केली. वाचले त्यांची मजुरी घेतली नाही. वाचणार नव्हते त्यांच्या मालकांना तसे स्पष्ट सांगितले आणि जुन्या मालाच्या भावाने पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. दोघातिघांनी घेतले नाहीत. बाकीच्यांनी घेतले आणि ते रास्तच होते. त्यांचीही घरे बुडालेली होती. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी अम्मीने शिरखुर्मा केला, ईद नसताना.

आता स्वस्त सबवूफर असे निघाले आहेत की नव्याची किंमत आणि कोन बदलण्याची मजुरी यांत फारसे अंतर उरत नाही. अशा वेळी ‘नवा घ्या’ असे आम्ही स्वतःहून सांगतो. मात्र तो बसवण्याआधी गाडी दुकानासमोर लावायला लावतो. बॉक्सला कान लावून कुठे हवा निसटते का ते ऐकतो, बूस्ट शून्यावर आणतो, फिल्टर चालू करतो. पोरसवदा मालक जरा हिरमुसतो. त्याला आम्ही त्याचेच आवडते गाणे लावून दाखवतो आणि कोनाकडे बघायला सांगतो. आवाज भरदार येत असतो आणि कोन मात्र आपल्या जागी, आपल्या हद्दीत, शांतपणे काम करीत असतो.