कृष्णाकाठी चाक आणि वल्हे

माघ महिन्यात सांगलीच्या घाटावर सकाळचे धुके पाण्यापासून हातभर उंचीवर रेंगाळत असते. पलीकडची सांगलीवाडी त्यात अर्धी बुडालेली दिसते आणि आयर्विन पुलाच्या कमानी अधांतरी उभ्या असल्यासारख्या वाटतात. १९२९ सालापासून हा पूल कृष्णेच्या पाण्याचा हिशेब ठेवत आला आहे. त्याच्यापाशी मोजलेले फूट आणि इंच पावसाळ्यात साऱ्या पेठेच्या तोंडी असतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच ठिकाणी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. हिवाळ्यातील नदीकडे पाहून मात्र या आकड्यांवर विश्वास बसू नये, इतकी ती शांत असते. घाटाच्या वरच्या पायरीशी तीन सायकली टेकवून ठेवलेल्या दिसतात. त्यांचे मालक साठीच्या पलीकडचे आहेत.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन सांगलीस येते, तेव्हा तिचा डोंगरातील अवखळपणा संपलेला असतो. पात्र रुंद होते, काठाची माती काळी आणि खोल होते. या मातीने आणि या नदीने सांगलीची पेठ उभी केली. पटवर्धन संस्थानच्या काळापासून इथे धान्य, गूळ, हळद यांचा व्यापार वाढत गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. व्यापाराची भरभराट झाली, पण तो व्यवसाय बैठा. सकाळी गादीवर बसायचे, दुपारी डबा तिथेच, संध्याकाळी खतावणी मिटली की सूर्यास्तापूर्वी घरी जेवण. अशी चाळीस वर्षे गेली म्हणजे वहीतील बाकी जमेची असली, तरी गुडघ्यांची बाकी नावे पडलेली असते.

त्या तीन सायकलींपैकी एक हळदीच्या एका अडतदाराची. घरात आणि पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय सहासष्ट. साठाव्या वर्षी रक्तातील साखर वाढल्याचे कळले. त्रेसष्टाव्या वर्षी दुकानाचा कारभार मुलाच्या हाती गेला, पण तो कागदोपत्री. अण्णा रोज नऊच्या ठोक्याला गादीवर हजर असत आणि मुलाने केलेल्या प्रत्येक सौद्याचा भाव दुसऱ्यांदा तपासत. गिऱ्हाइकांसमोर दोघांत शब्दाला शब्द लागू लागला. घरी जेवताना शांतता पसरू लागली. एके दिवशी देरासराची पायरी चढताना अण्णांचा तोल गेला. लागले काही नाही, पण त्या दिवसापासून ते कठड्याला धरून चालू लागले आणि बाहेर जाणेच कमी झाले. त्यांच्या पत्नी, माई, यांना मधुमेहापेक्षा या कठड्याची काळजी अधिक वाटली.

डॉक्टरांनी चालायला सांगितले, परंतु गुडघे चालू देईनात. तेव्हा कापडपेठेतील त्यांचे जुने मित्र आप्पा यांनी सायकल सुचवली. चालताना देहाचा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर त्यातील बराचसा भार बैठक उचलते आणि पाय केवळ फिरत राहतात. दुकानात तरुणांसाठी वाकड्या हँडलच्या, अनेक गिअरच्या सायकली मांडलेल्या होत्या. आप्पांनी त्या बाजूला ठेवून मधली दांडी खाली असलेली, सरळ बसता येणारी सायकल निवडली. कारण उतारवयातील माणूस पाय पलीकडे टाकतानाही पडू शकतो. बैठकीची उंची अशी ठेवली की पायडल तळाशी गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा, पण गुडघ्यात थोडा बाक उरावा. फार खालच्या बैठकीने गुडघा दुखतो आणि दोष मात्र सायकलला लागतो. मागची वाहने पाहण्यासाठी आरसा आणि डोक्यासाठी शिरस्त्राण, एवढी सामग्री झाली. पहिला आठवडा घराशेजारच्या मैदानातच गेला. पन्नास वर्षांपूर्वी शाळेला जाताना आत्मसात केलेला तोल देहाने सांभाळून ठेवला होता. तो तिसऱ्या दिवशी परत मिळाला.

पहिला खरा पल्ला हरिपूरचा. सांगलीपासून हे गाव चारेक किलोमीटर. रस्त्याच्या कडेला जुनी चिंचेची झाडे आहेत. सकाळच्या उन्हाचे कवडसे त्यांच्या बारीक पानांतून रस्त्यावर सांडतात. चढ जवळजवळ नाही. हळदीच्या माणसाला तर हरिपूर परके नाहीच. याच गावच्या जमिनीत हळद साठवण्याची पेवे होती. इथल्या घट्ट मातीत विहिरीसारखा खोल खड्डा खणून त्यात हळकुंडे भरायची आणि तोंड बंद करायचे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षे माल जसाच्या तसा राहत असे. २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. अण्णांच्या वडिलांचा माल याच पेवांत असे. सायकलवरून जाताना ते त्या जागा मित्रांना दाखवतात. मोटारीतून शेकडो वेळा याच रस्त्याने जाऊनही त्या कधी दाखवाव्याशा वाटल्या नव्हत्या. चारचाकीचा वेग आठवणीला उतरू देत नाही.

हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचेही गाव. १८९९ साली रंगभूमीवर आलेले त्यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक पैशाच्या बळावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या म्हाताऱ्याचे. गेलेले तारुण्य विकत घेण्याच्या त्या हव्यासावर महाराष्ट्र पोट धरून हसला आणि अंतर्मुखही झाला. आप्पांना नाट्यपदांचा नाद. हरिपूरच्या वेशीवर ते हमखास शारदेचा विषय काढतात आणि म्हणतात, “त्या म्हाताऱ्याला कुणी सायकल घेऊन दिली असती, तर देवलांचे नाटक बुडाले असते.” अण्णा हसतात. तारुण्य परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे. परत आला आहे तो जिना चढण्याचा धीर, आणि तो पुरेसा आहे.

गावाच्या टोकाशी कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. काठावर संगमेश्वराचे जुने मंदिर आहे. पायऱ्यांवर बसले की दोन नद्यांचे पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालून मग एक होताना दिसते. येथे विश्रांती होते. अण्णा नवकारसी पाळतात. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत पाणीही घेत नाहीत. मधुमेहाच्या काही औषधांवर उपाशीपोटी श्रम केल्यास साखर एकदम उतरू शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. म्हणून गोळीची वेळ नाश्त्याबरोबर ठरली, लांबचा पल्ला नाश्त्यानंतरच आणि खिशात खडीसाखरेची पुडी कायमची. उपवासाच्या दिवशी सायकल घराबाहेर निघत नाही. व्रत आणि व्यायाम यांची अशी सांगड डॉक्टरांना विचारूनच घालायची असते. ती अंदाजाने घालण्याची गोष्ट नाही.

महिन्यातून एकदा पल्ला वाढतो. कुंभोजजवळची बाहुबली टेकडी सांगलीपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. वाटेत ऊस, केळी, सोयाबीनची खळी आणि दर चार-पाच किलोमीटरवर एक मोठे गाव. दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांची मंदिरे या परिसरात आहेत. १९६३ साली प्रतिष्ठापना झालेली बाहुबलींची अठ्ठावीस फुटी शुभ्र मूर्ती दुरूनच दृष्टीस पडते. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या त्या निश्चल आकृतीसमोर, तीस किलोमीटर पाय फिरवून आलेली माणसे काही काळ नुसती उभी राहतात. परतीचा प्रवास सायकली टेम्पोत टाकून होतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

या वाटेवरच गेल्या वर्षी अपघात झाला. ऊस गळीताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला थांबलेल्या अशाच एका ट्रॉलीला मागे ना दिवा होता, ना चमकपट्टी. अण्णांनी ऐन वेळी ब्रेक दाबला आणि ते कडेच्या मातीत कोसळले. मनगट मुरगळले, शिरस्त्राणाला तडा गेला, डोके वाचले. घरात एकमुखाने ठरले, की सायकल विकून टाकायची. तीन आठवडे ती जिन्याखाली धूळ खात पडली. अण्णा पुन्हा नऊच्या ठोक्याला गादीवर जाऊ लागले आणि पुन्हा भाव तपासू लागले. चौथ्या आठवड्यात माईंनीच फडक्याने सायकल पुसली. “उजाडल्याशिवाय निघायचे नाही, आणि एकट्याने जायचे नाही,” एवढ्या दोन अटी त्यांनी घातल्या. त्या दोन्ही आजतागायत पाळल्या जातात.

सायकल पायांना आणि हृदयाला काम देते, पण पाठ, खांदे आणि दंड तसेच राहतात. त्यांच्यासाठी रविवारची नाव आहे. सांगली आणि आसपासच्या नदीकाठच्या गावांत होड्यांच्या शर्यतींची जुनी हौस. पावसाळ्यात पाणी चढले की लांबट होड्यांतून गावोगावचे तरुण एका लयीत वल्ही मारत सुटतात आणि दोन्ही काठ माणसांनी फुलतात. या ज्येष्ठांची नाव शर्यतीची नाही. ती रुंद बुडाची, संथ आणि एका अनुभवी नावाड्याच्या ताब्यातील आहे. हिवाळ्यात बंधाऱ्यांमुळे पाणी तुंबून राहते, ओढ फारशी नसते, तेव्हा घाट ते पूल एवढ्याच टप्प्यात ते वल्हवतात.

नवशिक्या माणूस वल्हे दंडांच्या जोराने ओढतो आणि दहा मिनिटांत थकतो. नावाड्याने पहिल्याच दिवशी सांगितले, की हात फक्त धरायला आहेत, ओढायचे ते पाठीने आणि कमरेने. वल्ह्याचे पाते पाण्यात पूर्ण बुडले पाहिजे, पण खोल जाता कामा नये. ओढ संपली की ते अलगद वर काढायचे. शेजाऱ्याची लय चुकली तर आपलीही चुकते, म्हणून नजर पुढच्याच्या खांद्यावर ठेवायची. आयुष्यभर आपल्याच गादीवर आपल्याच मतीने चाललेल्या माणसांना दुसऱ्याच्या लयीत हात हलवणे अवघड गेले. काही रविवारांनंतर मात्र चार वल्ह्यांचा आवाज एक येऊ लागला.

नदीवर जाताना भाबडेपणा चालत नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात, विशेषतः औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत, मगरींचा वास आहे. हिवाळ्यात त्या काठावर उन्हाला पडलेल्या दिसतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळूत अंडी घालतात. नदी हे त्यांचे घर आहे, माणूस तिथे पाहुणा. म्हणून नाव काठाच्या झुडपांजवळ न्यायची नाही, पाण्यात हात सोडायचा नाही आणि मगर दिसली तर दगड न मारता मार्ग बदलायचा. दुसरी काळजी सांडपाण्याची. शेरी नाल्याचे पाणी नदीत मिसळते हे सांगलीकरांचे जुने दुखणे आहे, त्यामुळे नावेतून उतरल्यावर हातपाय साबणाने धुणे आलेच. तिसरी आणि सर्वांत मोठी काळजी तरंगत्या जॅकेटची. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. ज्या जिल्ह्याने ते पाहिले, तिथे जॅकेटशिवाय नावेत पाय ठेवणे हे शौर्य नव्हे. पट्टा आवळल्याखेरीज नावाडी नाव सोडत नाही.

मृग बरसला, कोयना आणि वारणेचे पाणी येऊ लागले, की नाव काठावर चढते. ती दिवाळीनंतर खाली उतरते. साधूंचा विहार चातुर्मासात थांबतो, तसा या मंडळींचाही. त्या काळात घरातच एका पायावर उभे राहून तोल साधण्याचा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे आणि त्याशिवाय तोल व बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हरिपूरच्या पाच फेऱ्या आणि रविवारची नाव यांत हा हिशेब बसतो.

यंदा नव्या हळदीचे मुहूर्ताचे सौदे निघाले, त्या दिवशी अण्णा हरिपूरला होते. आप्पांच्या सायकलचे चाक पंक्चर झाले आणि परतायला अकरा वाजले. चाळीस वर्षांत मुहूर्ताचा सौदा त्यांच्या अनुपस्थितीत कधी झाला नव्हता. ते घाईने पेढीवर आले, तेव्हा सौदा आटोपला होता आणि मुलगा पट्ट्या लिहीत होता. अण्णांनी सवयीने पट्टी हातात घेतली, भाव वाचला आणि काही न बोलता ती परत ठेवली. भाव योग्य होता. ते गादीवर न बसता समोरच्या बाकावर टेकले आणि त्यांनी पाणी मागवले.

मुलाने मान वर केली. त्याचेही वय आता चव्वेचाळीस, आणि सदऱ्याची बटणे पोटावर ताणलेली. थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “अण्णा, रविवारी नावेत एक जागा आहे का?”

“सातला घाटावर ये,” अण्णा म्हणाले. “जॅकेट नावाड्याकडे मिळेल.”